भरायचा खड्डा, राखायचं तळं

मी आयुष्यभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. सत्ता, कायदा, नागरिक हे शब्द फळ्यावर लिहिले आणि पुसले. राज्य प्रत्यक्ष भेटलं ते निवृत्तीनंतर, कुंभकोणमजवळ नाचियार्कोविलच्या रस्त्यालगत, माझ्याच मालकीच्या एका खड्ड्याच्या काठावर.

खड्डा होण्याआधी ते शेत होतं. आमच्या तमिळ मुलखातल्या मराठी घरांत जमिनीला एक पूर्वज जोडलेला असतो आणि तो नेहमी सरदारच असतो. मराठा राजांबरोबर इकडे दक्षिणेत आलेल्यांत कुणी आचारी नव्हता, न्हावी नव्हता, नुसता गर्दीबरोबर चालत आलेला माणूस तर नव्हताच, असं आमच्या लोकांच्या बोलण्यावरून वाटतं. आमच्या पूर्वजाला ही जमीन पराक्रमाबद्दल मिळाली, असं वडील सांगत. त्याला ती सासऱ्याकडून मिळाली असावी असा मला संशय आहे. ते काही असो. भाताला माणसं मिळेनाशी झाली तेव्हा मी ती एका वीटभट्टीवाल्याला माती काढायला दिली.

माती काढायला परवाना लागतो आणि तो जमीनमालकाच्या नावाने निघतो. त्याच्या अटी मला वाचायला आवडल्या होत्या. इतकं स्वच्छ गद्य सरकारकडून क्वचित येतं. ठरावीक खोलीच्या खाली जायचं नाही. शेजारच्या बांधापासून अंतर सोडायचं. वरची कसदार माती बाजूला रचून ठेवायची आणि काम संपलं की ती परत पसरून जमीन लागवडीजोगी करायची. भट्टीवाल्यानेही अटी वाचल्या असाव्यात, कारण त्याने त्या एकही न विसरता मोडल्या. वरची माती सगळ्यांत आधी विकली. नंतर बांधाजवळचं अंतर खाल्लं. मग तो खाली खाली जात राहिला आणि एके दिवशी भट्टी थंड झाली. त्याचा फोन लागेना. तो दुसऱ्या जिल्ह्यात नव्या जमिनीच्या अटी वाचायला गेला होता.

खड्ड्याच्या पूर्वेला एका बाईंचा पानमळा आहे. आमच्या कुंभकोणमची कोवळी पानं ज्यांनी खाल्ली आहेत त्यांना पानमळा म्हणजे काय हे सांगायला नको. हादग्याच्या ओळी, त्यावर चढलेले वेल, खाली ओल्या सऱ्या, आत शिरलं की बाहेरचं ऊन विसरायला होतं. नवरा देवळाजवळ पानं विकतो. मळा बाई चालवतात, आणि नवऱ्यालाही. मी त्यांना अक्का म्हणतो. त्या मला रायर म्हणतात, इथले तमिळ लोक आम्हा सगळ्यांनाच म्हणतात तसं.

दिवाळीच्या सुमाराचा इकडचा मोठा पाऊस झाला आणि अक्का शहरात, मेलकावेरीला, आमच्या घरी आल्या. खांद्यावर मुळांसकट उपटलेलं हादग्याचं झाड होतं, वेल अजून त्याला बिलगलेला. ते त्यांनी आमच्या दिवाणखान्यात आडवं ठेवलं.

“रायर, हे तुमच्या खड्ड्यात सापडलं.”

“अक्का, हे तर तुमचं झाड.”

“मळ्यात होतं तोवर माझं. आता तुमच्याकडे राहायला आलंय. मागे अख्खी ओळ उभी आहे, तीही यायचं म्हणते.”

बायकोने कॉफी विचारली. “घेते की, अम्मा. पण आधी झाड उचलायला सांगा, तुमची फरशी खराब होतेय,” अक्का म्हणाल्या आणि झाडाशेजारीच मांडी घालून बसल्या.

खड्डा भरला नाही तर मळा खचत जाणार, एवढं राज्यशास्त्राच्या माणसालाही कळलं. मी खनिज खात्याच्या कार्यालयात गेलो. तिथला अधिकारी सभ्य होता. त्याने मला बसवलं आणि माझ्याच नावाची नोटीस हातात दिली: खड्डा भरून जमीन पूर्ववत करा, नाही तर कारवाई. “माझीही तीच इच्छा आहे,” मी म्हणालो. तेव्हा मात्र त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. बहुधा असं कुणी म्हणत नसावं.

भरायचा कशाने, हा पुढचा प्रश्न. पाडलेल्या घरांचा राडारोडा चालणार नव्हता. राख चालणार नव्हती. चांगली माती चालणार होती, पण ती दुसरीकडून खणून आणायची तर तिथल्या जमिनीचा परवाना हवा.

“म्हणजे माझा खड्डा भरायला दुसरा खड्डा करायचा?”

“रीतसर करायचा, सार.”

“मग तो कशाने भरायचा?”

“तो तुमचा नसेल ना,” तो मला धीर देत म्हणाला.

शेवटी वाट निघाली. कालव्यातला गाळ उपसायचं काम निघणार होतं, तो गाळ माझ्या खड्ड्यात टाकायला परवानगी मिळाली. ती मिळवताना उन्हाळा गेला. ट्रक तमिळ आडी महिन्याचा अठरावा दिवस, म्हणजे ऑगस्टची सुरुवात, झाल्यावर सुरू होणार होते. मी अक्कांना सांगून आलो. त्यांनी मला पानांची जुडी दिली आणि म्हणाल्या, “ट्रक आले की दुसरी देईन.”

आडीच्या अठराव्या दिवशी इकडे बायका कावेरीवर जातात. नदीला चढलेल्या पाण्याची पूजा करायची, हळदीकुंकू वाहायचं, ताडपत्राची इवली कर्णफुलं आणि काळे मणी पाण्यात सोडायचे, मग काठावर बसून चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात खायचा. आमच्या मराठी बायकांनी हा सण इतका मनापासून उचलला आहे की संक्रांतीपेक्षा त्याची तयारी मोठी. त्या वर्षी अडचण एवढीच होती की नदीत पाणी पोचलं नव्हतं. घाटाच्या पायऱ्या, खाली वाळू, वाळूत क्रिकेट. नगरपालिकेने प्लास्टिकच्या टाक्या ठेवल्या होत्या. आमच्या भजनमंडळातल्या बायकांनी टाकीची पूजा करायला साफ नकार दिला.

“आपल्या जमिनीत पाणी आहे ना?” बायको म्हणाली. “कालव्याचं झिरपलेलं. म्हणजे कावेरीचंच.”

भूगोल बरोबर होता. व्हॅन ठरली, साड्या निघाल्या, डबे भरले. खड्ड्यात तोवर कमळंही उगवली होती. कमळाला परवाना लागत नाही. बायकांनी पूजा केली, काठावर एक दगड धुऊन त्याला हळद फासली, फोटो काढले, ते फोनवरून सगळीकडे पाठवले. दुसऱ्या दिवशी आसपासच्या गावांतल्या बायका आल्या. स्थानिक पेपरात फोटो आला. त्यात हळदीचा दगड होता, कमळं होती, मागे अक्कांचा मळा हिरवागार दिसत होता. ज्याने तो पाहिला त्याला आत जावंसं वाटलं असतं.

ट्रक आले नाहीत. महसूल खात्याची नोटीस आली: सदर जागा जलाशय असल्याने त्यात भराव टाकू नये, टाकल्यास कारवाई. कुठलंही तळं बुजवू न देण्याबद्दल कोर्टाचे आदेश कडक आहेत, आणि ते असावेत असं मी वर्गात अनेकदा सांगितलं आहे. पुराव्यादाखल पेपरातला फोटो जोडला होता. बायको त्यात डावीकडून तिसरी.

मी तहसील कार्यालयात दोन्ही नोटिसा टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

“आता ते तळं आहे, सार,” तिथला माणूस म्हणाला.

“परवापर्यंत खड्डा होता.”

“लोक पूजा करतात. खड्ड्याची कुणी पूजा करतं का?”

“पूजा करणारी माझी बायको आहे.”

“मग तर तुम्हाला माहीतच आहे.”

“आणि ही खनिज खात्याची नोटीस?”

त्याने ती आदराने वाचली. “तीही बरोबर आहे,” म्हणाला.

घरी आल्यावर मी बायकोला, माझ्या मते शांतपणे, झाला प्रकार सांगितला. ती म्हणाली, “पाणी दिसलं की हात जोडायचे की आधी खातं विचारायचं?” मग बराच वेळ ती स्वयंपाकघरात भांडी घासत राहिली, घासलेलीच. दुसऱ्या दिवशी एकटीच बस पकडून अक्कांकडे जाऊन आली. काय बोलणं झालं ते दोघींनीही मला सांगितलं नाही.

पावसाने नोटीस वाचली नव्हती. दिवाळीपर्यंत मळ्याची काठावरची ओळ गेली, मग तिच्या मागची. हादगे आधी वाकत, मग वेलांना धरून हळूच आडवे होत. मी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या तक्रारदिनाला जाऊन आलो, पुन्हा गेलो. तिथे मला सगळे ओळखू लागले. माझ्यापाठोपाठ रांगेत येणाऱ्यांना मी कुठला अर्ज कुठे द्यायचा ते सांगू लागलो. मला तिथली नोकरी लागल्यासारखं वाटायला लागलं होतं. फक्त निवृत्त होता येत नव्हतं.

पोंगल झाल्यावर समारंभ ठरला. जिल्ह्यात पुनरुज्जीवित केलेल्या जलाशयांत माझा खड्डाही धरला गेला होता. माती काढून झालेल्या जमिनीचं आदर्श पुनर्वसन, असं फलकावर लिहिलं होतं. मंडप, केळीचे खांब, नादस्वरम, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पांढरी आवरणं. मंडप पूर्वेच्या काठावर घातला होता, कारण सावली तिकडेच होती; सावली अक्कांच्या मळ्याची. प्रमुख पाहुण्यांनी पाण्यात फुलं टाकली आणि कॅमेरा तयार नव्हता म्हणून पुन्हा टाकली. मग ध्वनिवर्धकावर माझं नाव पुकारलं. लोकहितासाठी जमीन पाण्याला देणारे ज्येष्ठ नागरिक. मला जरीची शाल घातली.

शाल घालतानाच मी पाहुण्यांना म्हणालो, “हा काठ खचतोय. इथे दगडी भिंत हवी.”

“सुंदर कल्पना,” ते कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले. “फिरायला रस्ताच करू.”

मंडपाच्या मागे अक्का उभ्या होत्या. “शाल चांगली आहे, रायर,” त्या म्हणाल्या. “काठावर अंथरा. तेवढाच झाकेल.”

मी काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी हात हलवला. “ते राहू द्या. तुमची रस्त्याकडची पट्टी मला लावायला द्या.”

पश्चिमेला, रस्त्यालगत, न खणलेली एक पट्टी उरली होती. मुलगी पुण्याला आहे. ती पट्टी विकून आम्ही तिच्याकडे जायचं, असं घरात बोलणं चाललं होतं. अक्कांना हे माहीत होतं. मागितलं तेव्हा त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, मळ्याकडे बघत होत्या.

“वेल आहेत तोवरच कलमं मिळतील,” त्या म्हणाल्या. “सगळे पाण्यात गेले तर बाहेरून आणावी लागतील. हे वेल माझ्या सासूच्या हातचे आहेत.”

मी हो म्हटलं. बायकोने मुलीला फोनवर सांगितलं, “यंदा नाही जमत गं,” आणि विषय कणकेवर नेला.

पानमळा एकदम उभा राहत नाही. आधी हादगा पेरायचा, तो माणसाच्या डोक्यावर गेला की मग वेल. पेरणी झाली आणि कळलं की जलाशयाच्या काठापासून ठरलेल्या अंतरात कायमची लागवड करायला मनाई आहे. पट्टी त्या अंतरात संपूर्ण बसत होती. हादगा खांद्याएवढा झाला तेव्हा एकदा आम्ही तिघं पट्टीवर असताना गावचा महसूल अधिकारी दुचाकीवरून जाताना थांबला.

“हे काय?”

“भाजी,” अक्का म्हणाल्या.

“द्वादशीला उपवास सोडायला आमच्याकडे हादग्याचीच भाजी लागते,” बायको म्हणाली. हे खरं होतं. फक्त एवढी भाजी खायला सगळ्या गावाला एकादशी धरावी लागली असती.

तो इथलाच. ओळीत पेरलेला हादगा म्हणजे काय, हे त्याला सांगायला नको होतं. त्याने पलीकडचा ढासळलेला काठ बघितला, माझ्याकडे बघितलं.

“भाजीला मनाई नाही,” तो म्हणाला. “वेल चढला तर मला वर लिहावं लागेल, सार. तुमच्या नावाने.”

“माझंच नाव लिहा,” अक्का म्हणाल्या.

“जमीन त्यांची आहे, अक्का.” त्याने गाडी सुरू केली.

आडीनंतरच्या आवणी महिन्याच्या शेवटी आकाश भरून यायला लागलं तसं अक्कांनी उरलेल्या मळ्यातली कलमं कापली. ओल्या गोणपाटात गुंडाळून ती पट्टीवर आणली. त्यांचा नवरा पाणी सोडत होता, माझी बायको गाठोडी उघडत होती. मी कलमं हातात देत होतो. अक्का एकेक कलम मातीत दाबून हादग्याच्या खोडाशी टेकवत पुढे सरकत होत्या. रस्त्यावरून येणारीजाणारी माणसं वाकून बघत होती. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“रायर, सरीत उभे आहात. पाय काढा.”

मी बघितलं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला रस्त्याचा चर, मधे सगळीकडे नुकतंच लावलेलं. पाय ठेवायला कुठेच जागा नव्हती. “मग असंच राहा,” अक्का म्हणाल्या आणि माझ्याभोवतीने लावत गेल्या.