साळवे मिस्त्रींचा जॉइंट

जॉइंट गार होईपर्यंत साळवे मिस्त्री जागचे हलत नसत. काळ्या प्लास्टिक पाइपांची दोन तोंडं तापल्या प्लेटला टेकवायची, वितळली की एकमेकांवर दाबून मशीनच्या क्लॅम्पमध्ये धरायची, एवढंच ते काम. पण नंतर ते अर्धा अर्धा तास शेजारी उकिडवे बसून राहत, आजारी पोराच्या उशाशी बसावं तसे. कुणी घाई केली की म्हणत, “झोपलाय तो. निजू द्या.” मग पांढऱ्या पेनानं त्यावर ‘भा. सा.’ लिहीत. भागवत साळवे. अक्षरांच्या डोक्यावर रेघ मात्र कधी देत नसत.

शिर्डीतल्या एका हॉटेलच्या कामावर आमची गाठ पडली. मी साइट इंजिनिअर, ते खर्ड्याहून आलेले. जमिनीत खोलवर बारमाही सारखाच गारवा असतो. बोअरमध्ये पाइप सोडायचे, त्यांतून पाणी फिरवायचं आणि त्या गारव्यावर खोल्या थंड ठेवायच्या, अशी मालकांची हौस. हे सगळं मला कागदावर यायचं. मिस्त्रींना ते हातानं यायचं. “एकदा मातीआड गेला की त्याला आपल्याबिगर कोन हाय,” असं ते जॉइंटबद्दल म्हणत.

एकदा मालक पाहुण्यांना साइट दाखवत होते आणि त्यांचा पाय ताज्या जॉइंटच्या पाइपला लागला. मिस्त्रींनी करवत घेतली आणि सगळ्यांसमोर तो जॉइंट कापून टाकला. झोपमोड झाली त्याची, आता भरवसा न्हाई, म्हणाले. मला हसू आलं. मालकांना आलं नाही.

पार्किंगखालच्या चरातला शेवटचा जॉइंट बाकी होता त्या दिवशी काँक्रीटची गाडी वेळेआधी येऊन उभी राहिली. मालकांचे फोनवर फोन. मिस्त्रींनी जॉइंट दाबला आणि बसले. मी दहा मिनिटंही धीर धरला नाही. वर पाणी ओतलं आणि स्वतःच्या हातानं क्लॅम्प सोडला. ते पुन्हा करवतीकडे वळले, तर मी करवत उचलून बाजूला ठेवली. इंजिनिअर मी होतो.

ते चिडले नाहीत. पेन मातीत ठेवून उठले. “ह्याच्यावर माजं नाव येनार न्हाई, साहेब.”

पण फाईलला प्रत्येक जॉइंटचा नावासकट फोटो लागायचा. ते मशीन टेम्पोत चढवत होते तेव्हा मी तेच पेन उचललं आणि ‘भा. सा.’ लिहून फोटो काढला. प्रेशर टेस्टमध्ये जॉइंट टिकला. माझं बरोबर होतं, असं मी स्वतःला बजावलं.

पुढच्या उन्हाळ्यात ऐन गर्दीत पाण्याचं प्रेशर पडलं. पार्किंग फोडलं. तोच जॉइंट उकलला होता. मालकांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं आणि दहा माणसांत पाइपवरची अक्षरं मोठ्यानं वाचली. “नखरे एवढे, आणि काम हे असलं?”

मिस्त्रींनी अंगठ्यानं चिखल पुसला. अक्षरांवर ठसठशीत रेघ होती. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते वाट पाहत होते. मी म्हणालो, “होईल दुरुस्त.” एवढंच बोललो. ते चराबाहेर आले, चपला घातल्या आणि निघून गेले.

मालकांनी ही गोष्ट ज्याला त्याला सांगितली. जिल्ह्यातल्या एकाही ठेकेदारानं मिस्त्रींना पुन्हा मशीनला हात लावू दिला नाही. दोन वर्षांनी मला राहवेना, म्हणून खर्ड्याला गेलो. ते दुसऱ्याच्या पाइपलाइनसाठी चर खणत होते. कुदळ बाजूला ठेवून त्यांनी आधी मला पाणी दिलं. मी सगळं सांगून टाकलं.

“मला तवाच ठावं हुतं,” ते म्हणाले. “ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी जाऊन सांगा.”

मी हो म्हणालो. परतताना शिर्डी वाटेत नव्हती, आणि मुद्दाम वाट वाकडी करून मी गेलो नाही. मागच्या वर्षी मिस्त्री वारले. मालकांच्या नव्या हॉटेलचं काम सध्या माझ्याकडेच आहे. आता हे लिहून काढलंय खरं, पण तेसुद्धा, मालक वाचणाऱ्यांतले नाहीत, हे नीट माहीत असल्यामुळेच.