पार्सिपनीतली रग्बी आणि आम्ही रिकामे म्हातारे

अमेरिकेतल्या फ्रीजमध्ये दह्याचे रिकामे डबे साठतात ना, तसे किस्से साठतात. झाकणावर दही, उघडलं की आत गेल्या आठवड्याची उसळ! आज रग्बीचा डबा उघडतोय. वास आला तर नाक धरा, पण पळू नका.

मी न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेलो. शिक्षण सातवी, तीही दोन फेऱ्यांत. त्या उन्हाळ्यात आपली रग्बी टीम पहिल्यांदाच अमेरिकेच्या टूरवर आली. तीन मॅचेस. इथल्या मराठी मंडळानं हौसेनं यजमानपद घेतलं, आणि मग लक्षात आलं की दिवसभर सगळ्यांच्या मीटिंगा! रिकामे कोण? व्हिजिटर व्हिसावरचे आईबाप. झालं, टूरची व्यवस्था आमच्या गळ्यात. पाच म्हातारे, चार कवळ्या, ड्रायव्हिंग लायसन्स शून्य!

कॅप्टन संतोष आमच्याच बेसमेंटमध्ये उतरला. कोल्हापूरचा, चौतिशीचा, गुडघा कामातून गेलेला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "तात्या, ही माझी शेवटची टूर. परदेशात एकही ट्राय नाही माझ्या नावावर. एक तरी करूनच जाणार."

ट्राय म्हणजे बॉल घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे जायचं आणि तो जमिनीला टेकवायचा.

मी म्हणालो, "एवढंच? जमीन काय कोल्हापुरात नव्हती?"

* * *

संतोषबरोबर बबन नावाचा खेळाडू होता. सुनेनं माणशी तीन फुलके धरलेले. बबनचा बारावा फुलका संपला तेव्हा पीठ संपलं होतं. ती घाबरत म्हणाली, "भाऊजी, अजून काही वाढू?"

बबन लाजला. "नको वहिनी. जेवणासाठी पोट ठेवतो!"

* * *

प्रॅक्टिस जवळच्या पार्कमध्ये. त्यात एक स्क्रम असतो. आठ जण डोकी खाली घालून समोरच्या आठांना रेटतात. शेजारच्या बाईनं खिडकीतून ते पाहिलं आणि पोलिसांना फोन केला. पोलीस आला. हे चाललंय काय, म्हणाला. संतोष इंग्रजी जुळवतोय तोवर मीच पुढे झालो.

"ब्रदर्स. फादर डेड. लँड प्रॉब्लेम."

पोलीस एकदम गंभीर झाला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सेम इन माय फॅमिली," आणि निघून गेला!

* * *

पहिली मॅच. आमच्या एका पोराचं नाक फुटलं. जोशीकाकू पुण्याच्या, मुलीकडे आलेल्या. मॅच थांबायची वाट कोण बघतंय! हळदीची डबी घेऊन साडीसकट थेट ग्राउंडवर. पोराचं डोकं मांडीवर, नाकाला हळद, आणि वर रेफरीला, "तुझं लक्ष कुठे होतं रे?"

रेफरीनं पिवळं कार्ड काढून त्यांच्यासमोर धरलं. काकूंनी ते घेतलं, नीट पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडे छापलेलं नाहीये बाई कार्ड. पण मंगळवारी हळदीकुंकू आहे, बायकोला पाठव!"

मॅच हरलो. रेफरीची बायको मात्र आली.

* * *

दुसऱ्या मॅचमध्ये बबन सुटला. हा मूळचा कबड्डीचा. सहा जणांना चुकवून पठ्ठ्या रेषेपासून तीन पावलांवर! संतोष मागून ओरडतोय, "पळ, पळ!" शेवटच्या गोऱ्याची नुसती बोटं बबनच्या पाठीला लागली. बबन थांबला. बॉल हळूच गवतावर ठेवला आणि मान खाली घालून बाहेर, माझ्या शेजारी येऊन बसला.

"काय रे?"

"आउट झालो ना तात्या."

संतोषनं त्या दिवशी जेवायला नको म्हटलं. आता एकच मॅच उरली होती.

* * *

तिसरी मॅच. हाफटाइमला जेवणाची वेळ झाली. ऊन मरणाचं, आणि सावली एकाच झाडाची, तेही समोरच्यांच्या शेवटच्या रेषेमागे. काकू विचारतात, बसायचं कुठे? मी म्हणालो, "तिकडेच टाका सतरंजी. आपला एकही माणूस अजून तिथवर पोचलेला नाही. अख्ख्या न्यू जर्सीत एवढी सेफ जागा नाही!"

संतोषनं ऐकलं.

रेफरीनं आम्हाला दोनदा उठवलं. दोनदा उठलो, दोनदा परत बसलो. तिसऱ्यांदा त्यानं नाद सोडला.

शेवटची दोन मिनिटं आणि संतोष सुटला! एक चुकवला, एक खांद्यानं उडवला, गुडघा ओढत रेषेपार! मागे हत्तीएवढा गोरा. बॉल टेकवायला खाली वाकतो, तर सतरंजी! आणि काकू ओरडल्या, "अरे, बूट! बूट काढ, वाढलंय इथे!"

तो थांबला. आयुष्याचा ट्राय काखेत, आणि हा गधडा एका हातानं लेस सोडतोय! मी बोंबलतोय, "टेकव रे, टेकव! बूट गेले खड्ड्यात!" पण काकूंपुढे माझं कोण ऐकतंय. तेवढ्यात गोरा धापा टाकत पोचला. काकूंनी त्याच्या पायांकडे नुसतं बघितलं. तोही खाली बसला आणि लेस सोडायला लागला!

संतोषचे बूट आधी निघाले. सतरंजीवर पाऊल ठेवलं आणि दहीभात आणि लोणच्याच्या मधोमध त्यानं बॉल टेकवला.

रेफरी पळत आला आणि सतरंजीच्या काठावर थबकला. त्यानं बॉलकडे पाहिलं, संतोषकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"बूट," काकू म्हणाल्या.

त्यानं बूट काढले. आत आला, पातेलं सरकवलं, सतरंजीचा कोपरा उचलून खाली गवतच आहे ना ते पाहिलं, आणि ट्राय दिल्याचा हात वर केला! संतोष तिथेच लोणच्यात आडवा पडून रडायला लागला.

काकू रेफरीला म्हणाल्या, "हात वर काय करतोस? धुऊन ये, वाढते!"