अकरा मिनिटं उशिरा लागलेलं लग्न

आमच्या शेजारच्या शिल्पाताई लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या दुकानदारांना चांगल्याच ठाऊक आहेत. एकदा अर्धा महिना अंथरलेली चादर त्यांनी पावतीसकट परत केली, आणि वर मॅनेजरच त्यांना सॉरी म्हणाला. बिघडलेली गोष्ट निस्तरता येते, फक्त माणूस चिवट हवा, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची पूर्वी नावाची मुलगी चार वर्षांचा संसार आवरून ब्रॅकनेलहून माहेरी आली, तेव्हाही ताई चिवटपणाने कामाला लागल्या. पूर्वी आणि तिचा नवरा अनुप यांच्यात भांडण म्हणावं असं काही नव्हतं. एका घरात दोन भाडेकरू राहावेत तसे दोघं राहत होते, आणि शेवटी दोघांनीच वेगळं व्हायचं ठरवलं. पण मुलीच्या नावापुढे घटस्फोटित लागायला ताई तयार नव्हत्या. कुठूनतरी त्यांनी ‘अनलमेंट’ हा शब्द शोधून काढला. लग्न झालंच नव्हतं, असं कोर्टाकडून लिहून घ्यायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात.

पूर्वीला घेऊन त्या वकिलाकडे निघाल्या, आणि गाडी चालवायला म्हणून मला बरोबर घेतलं. वकील नील, जन्माने इथलाच. शनिवारच्या मराठी शाळेत गेलेला, पण फारसा टिकला नसावा.

“आंटी, तीन गोष्टी आहे,” तो म्हणाला. “डिव्होर्स म्हणजे लग्न व्हॅलिड होती, आता संपली. लीगल सेपरेशन म्हणजे वेगळं राहायचं, पण लग्न चालूच. दुसरी करता येत नाही. आणि अनलमेंट म्हणजे लग्नात स्टार्टपासूनच काहीतरी राँग होती.”

“होतंच!” म्हणत ताईंनी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला.

नीलने निमूटपणे तो लॅपटॉपला लावला. पुण्याचं कार्यालय. मुहूर्त बारा वाजून सात मिनिटांचा. मंगलाष्टकं म्हणायला अनुपच्या तिन्ही आत्या उभ्या, प्रत्येकीची स्वतः रचलेली, आणि एकही माइक सोडायला तयार नाही. अंतरपाट दूर झाला तेव्हा ताईंनी व्हिडिओ थांबवला आणि भिंतीवरच्या घड्याळावर बोट ठेवलं.

“बारा अठरा. मुहूर्त टळून अकरा मिनिटं झाली होती. म्हणजे लग्न लागलंच नाही. हा पुरावा.”

हसू आवरताना माझी पुरेवाट झाली. नील मात्र गंभीरपणे घड्याळाकडे बघत होता.

“आंटी, कोर्टाला मुहूर्त चालत नाही. कोणाचं आधीच लग्न झाली असेल, कोणी फोर्स केला असेल, असं काहीतरी पाहिजे. तिथे रजिस्टर केली होती ना?”

“केलं होतं,” ताई पडेल आवाजात म्हणाल्या. “पण घड्याळ बरोबर होतं हो. मी माझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं होतं.”

त्यांचं बोट चुकून कुठेतरी लागलं आणि व्हिडिओ पुढे सुरू झाला. पिवळ्या साडीतली पूर्वी, मुंडावळ्या एका बाजूला सरकलेल्या, तोंडात अक्षता गेल्या म्हणून खळखळून हसतेय. समोर अनुपही हसतोय. ताई घाईने लॅपटॉप मिटायला गेल्या.

“राहू दे, आई.” शेजारच्या खुर्चीतली पूर्वी म्हणाली.

“अगं, तुझ्या भल्यासाठीच करतेय. उद्या कोणी विचारलं तर झालंच नव्हतं म्हणून सांगता येईल.”

“पण झालं होतं ना! बघ, किती हसतेय मी. आय वॉज सो हॅपी. ते झालंच नाही म्हणालीस, तर मग वर्षभर मी रडतेय ते कशासाठी?”

मला भरून आलं. ताईंचा थोडा रागही आला, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर तो टिकला नाही.

नीलने हळूच विचारलं, “डिव्होर्सचा अर्ज एकटी करणार की दोघं मिळून?”

“दोघं मिळून,” पूर्वी म्हणाली.

“किती दिवस लागतात?” ताईंनी विचारलं.

“सहा-सात महिने तरी.”

ताईंनी मान हलवली. मग खुर्ची ओढून त्या पूर्वीला अगदी खेटून बसल्या आणि तिचा हात हातात घेतला.

“सहा वेळा पाहिला गं मी हा व्हिडिओ,” त्या म्हणाल्या. “सहाही वेळा नुसतं घड्याळ बघत बसले.”