एंगेज लागणारा फोन

लेक अमेरिकेत बाळंतपणासाठी दवाखान्यात भरती झाली होती. तिचा ई-मेल यावा म्हणून मी मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरला इंटरनेटसाठी मोडेम लावून त्याला घरच्या फोनची तार जोडली होती. ते डबडं सकाळपासून नुसतं केकाटायचं, मिनिटभर आशा लावायचं आणि लाइन तोडायचं; मी लगेच परत जोडायचो. दोनदा त्याच्यावर हात उगारला.

तेवढ्यात शेजारीण धावत आली. "काका, चाला लवकर! तुमच्या पोरीचा फोन आला आमच्या इथं."

साठच्या दशकात अकोल्याच्या जुन्या शहरात, आमच्या गल्लीत फोन फक्त आमच्याकडे होता. असे निरोप घेऊन तेव्हा मी धावायचो. आज अनवाणी धावलो.

लेक रडत होती. "बाबा, सकाळपासून एंगेज! इतका वेळ कोनासंग बोलून राहिले होते?"