पिस्टनवरची शाडू माती

गेल्या पाडव्याला दादा गेला. कसब्यातल्या गणपतीच्या कारखान्यांवरून जाताना ओल्या शाडूचा वास आला, की त्याआधीची एक दुपार आठवते. दादाच्या जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन गॅरेजमध्ये उघडलेलं होतं आणि महिन्यावर आलेल्या त्याच्या ऑपरेशनआधी त्याला ती एकदा घाटात न्यायची होती. घाईने त्याने दुसऱ्याच मॉडेलचे पिस्टन आणले. ते सिलिंडरमध्ये नीट बसलेही. "बसले म्हणजे जमले असं नाही, साहेब. व्हॉल्व्ह वरून आपटला तर इंजिन घाटातच फुटेल," म्हणत गॅरेजवाल्या चाचांनी पिस्टनच्या माथ्यावर शाडू माती थापली, व्हॉल्व्ह असलेलं वरचं झाकण, म्हणजे हेड, बसवला आणि इंजिन हाताने फिरवायला पाना माझ्या हाती दिला. मी तो हळूहळू फिरवत होते. हे जमले नाहीत तर दुसरे पिस्टन यायला दोन महिने लागणार होते. हेड काढला, तर व्हॉल्व्हने दाबलेली माती एका जागी कागदाइतकी पातळ झाली होती; व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये तेवढीच फट उरत होती. "चाचा, एवढी फट चालेल ना?" मी विचारलं. "चालतील की हे पिस्टन. टेबलावर, पेपरवेट म्हणून." दादा हसला. म्हणाला, "मागवा दुसरे. ऑपरेशन करून परत आलो की जाऊ घाटात." योग्य पिस्टन आले ते दादा गेल्यावर. त्यांचं खोकं मी अजून उघडलेलं नाही.