जायफळाचे वेढे

शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही दोघं नवरा-बायको ओसरीवर बसून बियाण्याच्या शेंगा फोडत होतो. माझ्या हातून निम्मे दाणे दुभंगायचे. ती ते वेचून बाजूला टाकायची आणि मला सुनवायची, "बी हाय ते. चटणीला न्हाई फोडायचं." नात पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं वडूजला आली होती. तिचं दोन महिन्यांचं बाळ आत पाळण्यात झोपलं होतं. माझी बायको दर थोड्या वेळानं सूप खाली ठेवायची, गुडघ्यावर हात टेकून उठायची, आत जाऊन बाळाच्या नाकाखाली बोट धरायची आणि परत येऊन बसायची.

"अगं, झोपलंय ते. किती वेळा उठशील?"

"तुमाला काय जातंय बोलायला. त्या बाईची नजर लागल्यापास्नं झोपल्यालं पोर मला बघवत न्हाई."

ही गोष्ट पन्नास वर्षांमागची. ती मात्र काल घडल्यासारखी बोलायची. आणि दर वेळी मी गप्प बसायचो.

मी चौथीपर्यंत शिकलो. सजवून लिहायला मला येत नाही. झालं तसं सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात मी वडूज सोडलं आणि माधवनगरला गिरणीत लागलो. त्याच्या आधी आमचा पहिला मुलगा गेला होता. अकराव्या दिवशी. बारशाच्या घुगऱ्यांना हरभरे भिजत घातले होते आणि पोर पाळण्यात झोपेतच गार झालं. का गेलं ते कुणालाच कळलं नाही. भिजवलेले हरभरे माझ्या आईनं गुरांना घातले. ते बायकोनं बघितलं, आणि तेव्हापासून तिनं घरात कधी हरभरा भिजवला नाही.

दोन वर्षांनी मुलगी झाली. तासगावला माहेरी तीन महिने काढून ती लेकीला घेऊन माधवनगरला आली. आमची एक खोली, भिंतीला भिंत लावून दुसरी. त्या दुसऱ्या खोलीत एक जैन बाई राहायच्या. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. मूलबाळ नव्हतं, नवरा वारलेला, कपडे शिवून पोट भरायच्या. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. माझ्या बायकोला एकटीला बाळ न्हाऊ घालायची भीती वाटायची. तेलानं पोर हातातून निसटेल, कानात पाणी जाईल. अक्का रोज सकाळी यायच्या, पाटावर पाय पसरून बसायच्या, लेकीला पायावर घ्यायच्या आणि अशी चोळायच्या की रडणारं पोर हुंकार द्यायला लागायचं. मग ओवा-वेखंडाची धुरी, मग काजळ, मग गुटी. बायको शेजारी बसून नुसती बघायची. त्या महिनाभरात मी तिला दोन-चारदा हसताना बघितलं.

गुटी मात्र बायको स्वतः उगाळायची, दुसऱ्या कुणाला सहाणेला हात लावू द्यायची नाही. आपल्याच दुधात एकेक जिन्नस, वेढे मोजून. हळकुंडाचे तीन, वेखंडाचे दोन, जायफळाचा एकच आणि तोही हलका. जायफळानं पोर झोपतं हे मला माहीत होतं. आमची आई सुगीत असंच करायची.

त्या आठवड्यात मला रात्रपाळी होती. पत्र्याखाली दिवसा झोप लागायची नाही, त्यात लेकीचं पोट दुखायचं. सहा दिवस माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळी अक्कांनी लेकीला न्हाऊ घातलं, आणि दारातून जाता जाता वळून म्हणाल्या, "काय गोड दिसतीया गं आज. उचलून न्यावी वाटती." बायको रॉकेलच्या रांगेला गेली. जाताना म्हणाली, "गुटी पाजलीया. नुसता पाळणा हलवा."

मी पाळणा हलवला. लेक रडत राहिली. मग मी सहाण घेतली. जायफळ उगाळलं, पाणी घातलं, आणखी उगाळलं. वेढे मोजले नाहीत. हात चालला तेवढं उगाळलं, आणि बोंडल्यानं तिच्या घशात ओतलं. ती झोपली. मीही झोपलो.

जाग आली ती बायकोच्या ओरडण्यानं. दुपार झाली होती. तिचा दुधानं पदर भिजला होता आणि लेक पाजायला उठत नव्हती. मान टाकलेली. तळपायाला टिचक्या मारल्या, तोंडावर पाणी शिंपडलं, काही नाही. श्वास होता, पण इतका हलका की तिला तो सापडायचा आणि परत हरवायचा.

"आवं, ह्यो पन चालला," ती म्हणाली. मुलगी होती, तरी ती "ह्यो" म्हणाली.

सायकलच्या कॅरेजवर मायलेकींना बसवून डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी पापण्या उघडून बघितल्या आणि विचारलं, "काही पाजलंय का हिला?"

बायको म्हणाली, "रोजची गुटी, बास."

डॉक्टर माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "व्हय. रोजचीच."

हे मी बोललो. पोर मरायला टेकलेलं आणि मी हे बोललो. सांगितलं तर ही मला सोडून तासगावला जाईल, सासरा दारात येऊन कॉलर धरेल, असलंच काहीतरी डोक्यात होतं. डॉक्टरांनी बसवून ठेवलं. दिवेलागणीला लेकीनं हात हलवला, ओठ चाटले आणि रडली.

घरी आल्यावर बायकोनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. तडतडल्या तशी म्हणाली, "बघा. उचलून न्यावी वाटती म्हनली का न्हाई ती?"

तेव्हा एक शब्द बोललो असतो तर भागलं असतं. मी चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी अक्का तेलाची वाटी घेऊन आल्या. बायकोनं दार उघडलंच नाही. आतून म्हणाली, "आमचं आमी बघतो. तुमी तुमचं बघा." अक्का दाराबाहेर बराच वेळ उभ्या होत्या. मी आत कॉटवर पडून भिंतीकडं तोंड केलं होतं.

पुढचे आठ महिने माझी बायको पोर सांभाळत नव्हती, राखण करत होती. दार बंद करून एकटीच न्हाऊ घालायची, तेल लावायची नाही, पोर निसटेल म्हणून. लेकीच्या गालाला तीट, कपाळाला तीट, तळपायाला तीट, कानामागं तीट. लेक गाढ झोपली की तिला ते सोसायचं नाही. टिचकी मारून उठवायची, लेक किंचाळायची, आणि मग ती रडणाऱ्या लेकीला छातीशी धरून म्हणायची, "हाय, हाय. माजी हाय." मी पाळी संपवून सकाळी येई तेव्हा ती पाळण्याच्या दोरीला टेकून बसलेली असायची, हात लेकीच्या नाकाखाली. दाताचा ताप आला, देवी टोचल्यावर दंड सुजला, शेंगदाणा नाकात गेला. या सगळ्याच आयांच्या वाट्याला येणाऱ्या गोष्टी, पण तिला दर वेळी तेच वाटायचं, आज लेक जाणार.

मलाही वाटायचं. फक्त मला नजरेची भीती नव्हती. ज्या दिवशी हिला कळेल त्या दिवसाची होती. जायफळ मी शेजारच्या गटारात टाकून दिलं होतं, आणि उंदरानं नेलं म्हणून सांगितलं होतं.

थंडीत अक्कांनी एक कुंची शिवून आमच्या उंबऱ्यावर ठेवली. तांबडा खण, आत मऊ मलमल. बायकोनं ती हातानं उचलली नाही. चिमट्यानं धरून बाहेरच्या पेटत्या बंबात टाकली. अक्का शेजारी आपल्या दारातच मशिनवर बसल्या होत्या. मशिन थांबलं, आणि थोड्या वेळानं परत चालू झालं.

अकराव्या महिन्यात लेक चालायला लागली. पहिली चार पावलं टाकली ती भिंत धरून, आमच्या दारातून निघून थेट अक्कांच्या दारात. अक्कांनी हात पुढं केले. मग माझ्या बायकोला बघितलं आणि ते मागं घेतले. "जा गं बाय. तुजी आई रागवंल," म्हणाल्या, आणि लेक उंबऱ्याला हात लावायच्या आत दार ओढून घेतलं. लेक बंद दारावर चापट्या मारत राहिली. माझी बायको तिला उचलून पळत आत आली.

लेकीचा वाढदिवस झाला. वर्ष पार पडलं. पण ती भीती काही वर्षात संपली नाही. पुढं मुलगा झाला, आम्ही परत वडूजला आलो, नातवंडं झाली, प्रत्येकाच्या नाकाखाली तिचं बोट होतंच.

म्हणून त्या दुपारी, ती पाचव्यांदा आत जाऊन आल्यावर, मी सांगितलं. हातातल्या शेंगेकडंच बघून सांगितलं. "नजर न्हवती ती. मी जायफळ पाजलं हुतं. न मोजता."

तिचे हात थांबले. मला वाटलं, सूप माझ्या अंगावर येणार.

"डाक्टरनं इचारलं तवा?"

"तवा बी खोटं बोललो."

तिनं हातातली शेंग सुपात टाकली. मग म्हणाली, "मी त्या बाईची कुंची जाळली. तुमी कॉटवर बसून बघत हुता."

"व्हय."

"हाय का ती अजून?"

"हाय. त्याच खोलीत. गिरणीतला सोबती सांगत हुता."

"मग उद्या पयल्या गाडीनं जायचं. तुमी सांगायचं. मी नुसती बसनार." आणि परत शेंगा फोडायला लागली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही, पण माझे फुटके दाणे वेचत राहिली. नात बाळाला पाजून परत निजवून गेली, तेव्हा ही उठली नाही. एवढं मी बघितलं.

दिवेलागणीला देवापुढं दिवा लावला, भिंतीला टेकून खाली बसली, आणि गेली. मी तिच्या नाकाखाली बोट धरलं. पन्नास वर्षं तिनं जे केलं ते मी एकदाच केलं.

सांगलीहून लेक आली, गाव जमलं, रातोरात सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धोतर बदललं आणि पिशवी घेतली. लेक आडवी आली. "आबा, सुतक हाय. कुनाच्या दारात जाऊ ने. दिवस तरी होऊ द्यात."

"उद्या म्हनली हुती ती," मी म्हणालो.

पहिली गाडी पकडली. विट्याला बदलली. माधवनगरला उतरलो तेव्हा ऊन वर आलं होतं. अक्का दारातच बसल्या होत्या, सुईत दोरा ओवत. डोळे बारीक करून त्यांनी मला बघितलं, ओळखलं, आणि माझ्या मागं रस्त्याकडं बघितलं, अजून कुणी येतंय का म्हणून.

"आत या की," म्हणाल्या.

"सुतक हाय, अक्का. हितंच बसतो."

त्यांनी सुई खाली ठेवली. मी उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसलो, आणि जायफळापासून सांगायला सुरुवात केली.