रिक्षाच्या टपाचा ड्रम सेट

बाबा एका क्लबातल्या खुर्च्यांना नवं रेक्झिन लावायला गेले आणि येताना ड्रम सेट घेऊन आले. सायकल रिक्षात मागे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, त्याच्यावर मधले दोन, बाबांच्या मांडीवर बारका, आणि झांज त्यांनी ऊन लागू नये म्हणून डोक्यावर धरलेली. अर्धी वस्ती रिक्षाच्या मागे चालत आमच्या दारापर्यंत आली.

क्लबाने तो भंगारात काढला होता. साहेब लोकांच्या काळातला, कुणी वाजवत नव्हतं. बाबांनी तिथल्या मॅनेजरला सरळ सांगितलं होतं, "माही पोरगी घरातली ताटं चेपवून राहिली. थे तिले द्या, तं माही भांडी वाचतील."

सत्तरच्या दशकाचा शेवट होता, मी कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. ताटांचं म्हणणं खरंच होतं. जे हाताखाली येईल ते मी बडवायचे, आणि आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत मला वाजवायला बसायचं होतं. पार्टीचे मास्तर पेटी वाजवत. ते सेट बघायला आले, मोठ्या ड्रमवर बोटाने टिचकी मारली, आणि म्हणाले, "बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात हा बोलला तं तू बसशीन. नाही बोलला तं आपला ढोलकवाला हायेच. मंग मागून रुसायचं नाही." मी लगेच हो म्हटलं. पौर्णिमेला तीन आठवडे होते आणि मोठ्या ड्रमचं चामडं मधोमध फाटलेलं होतं.

ड्रमवरचं मोत्यासारखं चमकणारं आवरण पिवळं पडून जागोजागी सुटलं होतं. बाबांनी इस्त्री गरम करून ते अलगद उचलून काढलं. आतून पातळ लाकडाचे थर निघाले. मी पॉलिश पेपरने घासत बसले, आणि नाकातोंडात भुसा जाऊन इतकी शिंकले की आईने मला उचलून अंगणात बसवलं. ढोलकं मढवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने नवं चामडं भिजवून कड्यावर ताणून दिलं. मे महिन्यातल्या नागपुरात ते वाळायला किती वेळ लागणार? आम्ही चहा पिऊन आलो तर वाळलेलं होतं.

आता नवं आवरण. बाबा सायकल रिक्षांचे टप शिवायचे. त्यांनी शिवलेला टप लांबून ओळखू यायचा, कारण त्यावर मोर असायचा आणि खाली पिवळी झालर. घरात रेक्झिनच्या गुंडाळ्या होत्याच. मला पांढरं हवं होतं, बाबांना लाल, आईला निळं. दोन दिवस घरात दुसरं बोलणं नव्हतं. शेवटी मोठ्या ड्रमला पुरेल एवढा सलग तुकडा फक्त निळ्यात निघाला. आईने त्या दिवशी पुरणपोळी केली.

टपाला बाबा खिळे मारायचे, टाके घालायचे. ड्रमच्या लाकडाला भोकं पाडायला मात्र त्यांचा जीव होईना. म्हणून पंक्चरवाले वापरतात ते सोल्यूशन त्यांनी लावलं आणि रेक्झिन असं बेमालूम बसवलं की जोड शोधूनही सापडेना. मी आनंदाने अंगणात उड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी बाहेरून आले तर मोठ्या ड्रमच्या लाकडी कड्याला पितळी खिळ्यांनी ठोकलेली पिवळी झालर.

"बाबा, हे काय हो?"

"झालर."

"ड्रमला झालर नसते."

"काहून नसते? नंगा दिसून राहिला होता."

मी रुसून बसले. जेवायची वेळ झाली, भूक लागली, आणि झालर राहिली.

एक गोष्ट मात्र आम्हाला पौर्णिमेच्या आधीच कळली होती. एका दुपारी मी बारका ड्रम गच्चीवर विसरले, तर सोल्यूशन पातळ होऊन रेक्झिनला पुऱ्यांसारखे फुगे आले. बाबांनी सुईने टोचून ते एकेक दाबले आणि जाहीर केलं, "याले गार जागा पाहिजे. उन्हात हा सेट जगत नाही."

म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी मंडपातला सगळ्यांत मोठा कूलर बाबांनी स्वतः पाणी भरून ड्रमच्या मागे लावून ठेवला. नवीन वाळ्याच्या ताट्या, घमघमणारी हवा. पाहुण्यांना एक साधा पंखा. दुपारपासून तीन तास माझा ड्रम सेट त्या गारव्यात होता, आणि बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की रेक्झिनला एक फुगा नाही.

खरंच नव्हता. संध्याकाळी मी जाऊन बसले आणि सहज म्हणून काडी मारली. भद्. दुसऱ्यावर मारली. भद्. गादी झोडपावी तसा आवाज. चामड्याने तीन तास ओली हवा पिऊन घेतली होती. मी चामडं ताणायची किल्ली शेवटपर्यंत फिरवली, तरी ते ढिलंच. मास्तरांनी पेटीवरून माझ्याकडे पाहिलं, मग ढोलकवाल्याकडे. तो ढोलक मांडीवर घेऊन तयारच होता. माझे डोळे भरून आले. तीन आठवडे मी त्या एका संध्याकाळसाठी जगले होते.

तेवढ्यात वंदना सुरू झाली. आम्हाला मिळाली तर तेवढीच सवड होती. मंडपामागे चुलीवर खीर शिजत होती आणि आई तिथे मोठा चमचा घेऊन उभी होती. मी रडतच तिला सांगितलं.

"अवं, शेकून घे ना मंग," आई म्हणाली. "माह्या माहेरी डफ शेकल्याशिवाय कोणी हात लावत नव्हतं. चूल पेटून राहिली, आण इकडे."

मी वळले तर मागे बाबा उभे. त्यांच्याही लक्षात आलं होतं. चुलीजवळ नेलं की चामडं ताणेल आणि त्यांचं रेक्झिन जाईल. तीन आठवड्यांचं काम, बेमालूम जोड, एक फुगा नाही. ते निळ्या ड्रमकडे बघत राहिले, आणि मला मागायची हिंमत होईना.

"पाहून काय राहिली?" ते म्हणाले. "उचल तिकून."

आम्ही दोघांनी एकेक ड्रम चुलीपाशी धरला. बाबा हाताने चामडं चाचपत आणि ड्रम फिरवत. टण् असा पहिला आवाज आला तेव्हा मला हसू आवरेना. रेक्झिन फुगलं, मग कडेने उकललं, मग पट्टीच्या पट्टी लोंबायला लागली. बाबाही हसायला लागले. खिरीचे चार थेंब झालरीवर उडाले. वंदना संपता संपता आम्ही चारही ड्रम मांडले, आणि कूलर बाबांनी स्वतः बंद केला.

पहिलं गाणं सुरू झालं आणि ड्रम बोलला. मी इतक्या जोरात वाजवलं की उरलेलं रेक्झिनही सुटलं आणि दर ठोक्याला फडफडायला लागलं. लोक आधी हसले, मग टाळ्या धरल्या, आणि दुसऱ्या कडव्याला ढोलकवालाही माझ्याकडे बघून वाजवायला लागला. मास्तरांनी मान हलवून लय वाढवली. घामाने मला समोरचं दिसत नव्हतं. खिळे ठोकलेली झालर तेवढी जागची हलली नाही.

सकाळी मी नळावर पाणी भरत होते. अंगणात बाबांनी सगळे ड्रम उघडे करून ठेवले होते आणि टेप लावून पुन्हा माप घेत होते. एक रिक्षावाला आपला टप मागायला आला. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणं बाबांना कधी जमलं नव्हतं.

"आज नाही गा," ते त्याला म्हणाले. "आज ड्रमवालीचं काम आहे."

मी ऐकतच राहिले. कळशी भरून पाणी पायावर वाहायला लागलं, तेही भर मे महिन्यात.

आतून आई ओरडली, "नळ बंद कर वं, ड्रमवाली."